एसक्यूएल इंजिनमधल्या सिंटॅक्स ट्रीची क्लास-उतरंड: कुठे तोडायची आणि कोणत्या क्रमानं

प्रश्न थोडक्यात असा: जावामध्ये लिहिलेलं वितरित एसक्यूएल इंजिन आहे. ‘नोड’ या एका अमूर्त क्लासखाली एक्स्प्रेशन, स्टेटमेंट, रिलेशन अशा फांद्या आहेत आणि त्यांखाली दीडशेच्या वर क्लास. पार्सर, अ‍ॅनालायझर, प्लॅनर, ऑप्टिमायझर सगळे हेच क्लास वापरतात. (पार्सर क्वेरीच्या मजकुरापासून झाड, म्हणजे सिंटॅक्स ट्री, बनवतो; अ‍ॅनालायझर त्यातली नावं आणि टाइप ठरवतो; प्लॅनर क्वेरी चालवण्याचा प्लॅन बनवतो आणि ऑप्टिमायझर तो सुधारतो.) नवा ऑपरेटर घालायचा म्हटलं की दहा-बारा फायलींना हात लागतो, आणि त्यातली एखादी राहून गेली तर कंपायलर काहीच बोलत नाही. ही उतरंड नव्यानं कशी मांडावी?

आधी मूळ दुखणं पाहू. क्लास जास्त झाले हे दुखणं नव्हे. एकाच झाडाकडून दोन वेगळी कामं करून घेतली जातात, हे आहे. पार्सरच्या हातात फक्त लिहिलेला मजकूर असतो. ‘आयडी’ हे नाव कुठल्या टेबलातलं, ‘१.१०’ चा टाइप काय, ‘लेंग्थ’ नावाच्या चार फंक्शनांपैकी नेमकं कोणतं, यातलं काहीही तेव्हा ठरलेलं नसतं. अ‍ॅनालायझर आपलं काम करून गेला की हे सगळं ठरतं. उलट मूळ मजकुरातले कंस, कीवर्डची जागा, ओळ-क्रमांक यांची पुढे कुणालाच गरज राहत नाही. म्हणून उतरंडीतली पहिली रेघ व्याकरणाच्या नियमांवरून आखू नका. त्या टप्प्यावर इंजिनाला काय ठाऊक आहे, यावरून आखा.

ज्या इंजिनांनी वर्षानुवर्षं भार सोसला आहे त्यांच्यात ही रेघ दिसते. पोस्टग्रेसमध्ये कच्च्या झाडात ‘कॉलमरेफ’ आणि ‘फंककॉल’ असतात. पार्स-अ‍ॅनालिसिसनंतर त्यांच्या जागी ‘व्हार’ आणि ‘फंकएक्स्प्र’ येतात. कॅल्साइटमध्ये ‘एसक्यूएलनोड’ हे एक कुटुंब आणि ‘रेल’ व ‘रेक्स’ नोडांचं दुसरं. डकडीबीत पार्स झालेली एक्स्प्रेशनं आणि बाइंड झालेली एक्स्प्रेशनं यांचे क्लासच निराळे. प्रेस्टोनं २०१९ च्या सुमारास प्लॅनरमध्ये ‘रोएक्स्प्रेशन’ आणलं, ट्रिनोनं २०२४ मध्ये ऑप्टिमायझरची एक्स्प्रेशनं पार्सरच्या झाडापासून तोडली, आणि क्लिकहाउसचा नवा अ‍ॅनालायझर, जो पार्सरच्या झाडातून स्वतःचं वेगळं क्वेरी-झाड बांधतो, २४.३ या आवृत्तीपासून आपोआप चालू असतो. शेवटच्या तिघांनी हे काम इंजिन भर वापरात असताना केलं, म्हणून तुमच्यासाठी ती उदाहरणं जास्त जवळची.

स्पार्क मात्र वेगळ्या वाटेनं गेला. त्याच्या कॅटलिस्ट या क्वेरी-यंत्रणेत झाड एकच; त्यात ‘अनरिझॉल्व्ह्ड’ नोड असतात आणि नियम पुन्हा पुन्हा चालवून ते नाहीसे केले जातात. अ‍ॅनालिसिससुद्धा नियमांच्याच यंत्रणेत बसवलेलं असल्यानं तिथे ते शोभतं. किंमत अशी की कितीतरी नियमांना आधी ‘खालचे नोड रिझॉल्व्ह झालेत का?’ हे विचारावं लागतं. तुमचा अ‍ॅनालायझर व्हिजिटरच्या (झाडाच्या प्रत्येक नोडाला भेट देणाऱ्या क्लासच्या) फेऱ्यांनी चालत असेल तर ही वाट धरू नका.

आधी जाळं, मग मोडतोड

उतरंडीला हात लावण्याआधी चार चाचण्या उभ्या करा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण पुढच्या प्रत्येक बदलात हाच आधार असतो.

पहिली, फेरफटका चाचणी: क्वेरी पार्स करा, झाडापासून पुन्हा मजकूर बनवा, तो पुन्हा पार्स करा, आणि दोन्ही झाडं सारखी आहेत का ते पाहा. फॉर्मॅटरमधल्या चुका इथे उघड्या पडतात. ‘अ - (ब - क)’ मधला कंस गळणं ही नेहमीची. त्याहून फसवी म्हणजे उणे चिन्हापुढे उणे: ‘-(-१)’ हे झाड बेसावधपणे छापलं तर दोन उणे चिन्हं शेजारी येतात, आणि एसक्यूएलमध्ये तिथून टिप्पणी सुरू होते. पुढची सगळी ओळ गायब. तुमचं इंजिन व्ह्यूची व्याख्या मजकूर म्हणून साठवत असेल तर ही चूक थेट वापरकर्त्याच्या व्ह्यूमध्ये जाऊन बसते.

दुसरी, प्लॅनचे ठसे. टीपीसी-एच आणि टीपीसी-डीएस या प्रमाणित चाचणी-संचांच्या अनुक्रमे २२ आणि ९९ क्वेऱ्यांचे ऑप्टिमाइझ झालेले प्लॅन मजकुराच्या रूपात रेपॉझिटरीत ठेवा. रिफॅक्टरिंगच्या कमिटमध्ये यातली एक ओळही बदलता कामा नये. बदलली तर ते रिफॅक्टरिंग नव्हे, वर्तनातला बदल आहे, आणि त्याला वेगळी कमिट हवी. या क्वेऱ्यांमध्ये लॅम्बडा, अ‍ॅरे, रो-टाइप, टाइमझोनसह टाइमस्टॅम्प जवळजवळ नसतातच. त्यासाठी स्वतःच्या पन्नासेक क्वेऱ्या जोडा.

तिसरी, मुलांची (म्हणजे नोडाखालच्या नोडांची) चाचणी. रिफ्लेक्शननं (चालू प्रोग्राममधून क्लासची रचना वाचण्याच्या जावाच्या सोयीनं) प्रत्येक नोड-क्लासची फील्ड वाचा. ज्यांचा प्रकार नोड, नोडांची यादी किंवा नोडाचं ऑप्शनल आहे ती सगळी ‘गेटचिल्ड्रन’मधून परत येतात का ते तपासा. फंक्शन-कॉलचे आर्ग्युमेंट सगळ्यांना आठवतात. त्याचं ‘फिल्टर’ कलम, विंडो आणि अ‍ॅग्रिगेटच्या आतलं ‘ऑर्डर बाय’ विसरलं जातं. मग ‘फिल्टर’मध्ये वापरलेला कॉलम कुणी वापरतच नाही असं समजून प्रूनिंग (न लागणारे कॉलम काढणारी पायरी) तो उडवून टाकतं.

चौथी, समानतेची चाचणी. ती वेगळ्या परिच्छेदाच्या योग्यतेची आहे, कारण अशा रिफॅक्टरिंगमध्ये सर्वांत जास्त वेळ खाणारा विषय हाच.

समानता आणि ओळख

दोन नोड ‘सारखे’ आहेत याचे दोन अर्थ होतात, आणि इंजिनाला दोन्ही लागतात. ‘सिलेक्ट अ + ब … ग्रुप बाय अ + ब’ मध्ये दोन्ही ‘अ + ब’ रचनेनं सारखे मानले पाहिजेत, नाहीतर वैध क्वेरीला ‘हा कॉलम ग्रुप बायमध्ये नाही’ अशी चूक मिळेल. याचा अर्थ ओळ-क्रमांक समानतेत धरायचा नाही. पोस्टग्रेसचं ‘इक्वल’ फंक्शनसुद्धा लोकेशनची फील्ड वगळूनच तुलना करतं. आता उलट बाजू बघा: बाहेरच्या क्वेरीतला ‘आयडी’ आणि सबक्वेरीतला ‘आयडी’ रचनेनं तंतोतंत सारखे, पण एक ऑर्डर्सचा, दुसरा कस्टमर्सचा. रचनात्मक समानतेवर चालणाऱ्या हॅशमॅपमध्ये तुम्ही ‘एक्स्प्रेशन ते कॉलम व टाइप’ अशी नोंद ठेवली तर दुसरी नोंद पहिलीला पुसून टाकते. टाइप योगायोगानं सारखे निघाले तर क्वेरी चालते आणि चुकीचं उत्तर देते.

यावरचा उपाय ट्रिनोच्या कोडमध्ये ‘नोडरेफ’ या छोट्या वेष्टणाच्या रूपात आहे: मॅपची चावी नोड नव्हे, नोडाचा संदर्भ, आणि तुलना फक्त ‘तोच ऑब्जेक्ट आहे का’ एवढीच. कॅल्साइटचा व्हॅलिडेटरही टाइपची नोंद ओळखीवर चालणाऱ्या मॅपमध्ये ठेवतो. तुमच्या अ‍ॅनालायझरमधले सगळे मॅप आधी या वेष्टणावर आणा. हा बदल यांत्रिक आहे, एका आठवड्याच्या आत संपतो, आणि त्यात हमखास दोन-चार जुने बग सापडतात.

पण ओळखीवरच्या मॅपचंही एक दुखणं आहे, आणि झाड तोडण्याचं खरं कारण तेच. एखाद्या ऑप्टिमायझर-नियमानं एक्स्प्रेशन पुन्हा लिहिलं की नवा ऑब्जेक्ट तयार होतो. त्याची मॅपमध्ये नोंद नसते. मग एकतर ‘हे एक्स्प्रेशन अ‍ॅनालाइझ झालेलं नाही’ अशी चूक येते, किंवा प्रत्येक नियम टाइप पुन्हा काढून घेतो. दुसरा मार्ग चालतो, पण तोच उपवृक्ष शंभर नियम शंभरदा चाळतात, आणि ऑप्टिमायझरला संपूर्ण टाइप-अ‍ॅनालायझर, मेटाडेटा आणि सेशन हातात वागवावे लागतात. टाइप नोडातच असता तर यातलं काही लागलं नसतं. तो पार्सरच्या नोडात ठेवता येत नाही, कारण पार्सरला तो ठाऊक नसतो. ‘सेटटाइप’ नावाची मेथड घालून तो नंतर भरायचा मोह टाळा. अर्धवट भरलेलं झाड आणि पूर्ण भरलेलं झाड यांचा क्लास एकच राहतो, आणि आपल्या हातात कोणतं आलंय हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही.

तोडण्याची पद्धत

नव्या झाडाला मी इथे ‘आयआर’ (इंटरमीजिएट रिप्रेझेंटेशन, म्हणजे मधलं रूप) म्हणतो. कोऱ्या कागदावर त्याची सुंदर उतरंड आखून मग सगळं तिच्यावर हलवायचं, ही योजना बहुधा महिनोन्महिने वेगळ्या ब्रँचवर अडकते. त्याऐवजी आधी नक्कल करा. एक्स्प्रेशनचे सगळे क्लास जसेच्या तसे नव्या पॅकेजमध्ये उतरवा. प्लॅनर आणि ऑप्टिमायझरमधले सगळे इम्पोर्ट नव्या पॅकेजकडे वळवा. दोन्हींच्या सीमेवर एकच अनुवादक क्लास लिहा, जो सुरुवातीला एकास एक नक्कल करतो. एवढी एक कमिट मोठी, पण तिच्यात विचार काहीच नाही आणि प्लॅनचे ठसे हलत नाहीत. फाइल हलवणं आणि मजकूर बदलणं एकाच कमिटमध्ये करू नका: गिट मुळात ५० टक्के साम्यावर फाइल ‘हलवली’ असं ओळखतं, त्याखाली गेलात की इतिहास तुटतो आणि समीक्षकाला सगळंच नवं दिसतं.

इथून पुढे आयआरमधून एकेक नोड-प्रकार काढत जायचं, एका कमिटला एक. क्रम असा ठेवला तर काम हलकं जातं.

सगळ्यात आधी लिटरल. पार्सरच्या झाडात पूर्णांक, दशांश, मजकूर, बूलियन, नल, बायनरी, इंटर्व्हल असे आठ-दहा लिटरल असतात. आयआरमध्ये यांचा एकच ‘कॉन्स्टंट’: टाइप आणि इंजिनाच्या आतल्या रूपातली किंमत. ‘१.१०’ हा डेसिमल(३,२) आणि ‘१.१’ हा डेसिमल(२,१). मजकुरातला फरक टाइपमध्ये उतरला की मजकूर टाकून देता येतो. नललाही टाइप द्या. टाइप नसलेला नल आयआरमध्ये शिरला की प्रत्येक नियमात त्याच्यासाठी अपवाद लिहावा लागतो. किंमत बाइट-अ‍ॅरे असेल तर जावाचं रेकॉर्ड (फील्डांवरून तुलना आपोआप करणारा क्लास-प्रकार) तिची तुलना आतल्या मजकुरावर करत नाही, संदर्भावर करतं, म्हणून वेष्टण लागेल. डबलमध्ये रेकॉर्डची तुलना ०.० आणि -०.० वेगळे धरते. ते तसंच राहू द्या, कारण त्यांनी भागल्यावर उत्तरं वेगळी येतात.

मग नावं. आयडेंटिफायर, ठिपक्यांचं पूर्ण नाव, डीरेफरन्स हे सगळं जाऊन दोनच उरतात: प्लॅनमधल्या सिम्बॉलचा टाइपसह संदर्भ, आणि रो-टाइपमधल्या क्रमांकानं फील्ड काढणं. ‘अ.ब’ म्हणजे टेबल अ चा कॉलम ब, की कॉलम अ मधलं फील्ड ब, हा संदिग्धपणा अनुवादकातच संपला पाहिजे.

त्यानंतर फंक्शनं आणि अव्यक्त कास्ट, म्हणजे इंजिन आपणहून करतं ते टाइप-बदल. कॉलमध्ये नाव नको, ठरलेलं फंक्शनच हवं. इंटिजरची तुलना बिगइंटशी असेल तर कास्ट उघडपणे झाडात यायला हवा. तुलनेच्या नोडाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये दोन्ही बाजूंचे टाइप सारखे आहेत का याची तपासणी घाला. ही एक ओळ घातल्यावर पहिल्या दिवशी ढीगभर चाचण्या पडतात. त्यातली प्रत्येक पडझड म्हणजे एखादा नियम आजवर टाइप जुळवायचं विसरत होता. घाबरून तपासणी काढू नका. नियम दुरुस्त करा.

सबक्वेरी आयआरच्या एक्स्प्रेशनमध्ये येऊच नये. ‘इन’, ‘एक्झिस्ट्स’ आणि स्केलर सबक्वेरी प्लॅनच्या नोडांत, म्हणजे अप्लाय किंवा कोरिलेटेड जॉइनमध्ये, आधीच रूपांतरित झालेल्या असाव्यात; अनुवादकाला सबक्वेरी भेटली तर त्यानं अपवाद फेकावा.

साखर-नोडांबाबत, म्हणजे जे इतर नोडांच्या भाषेत सांगता येतात, थोडं सावध राहा. ते सगळे उडवायचा उत्साह येतो. ‘रँडम() बिट्वीन ०.२ अँड ०.४’ हे ‘रँडम() >= ०.२ अँड रँडम() <= ०.४’ असं लिहिलंत तर रँडम दोनदा चालतं आणि अर्थच बदलतो. ‘नलइफ(अ, ब)’ ला ‘केस’मध्ये फोडलं तर ‘अ’ दोनदा येतो. तो महागडं रेग्युलर एक्स्प्रेशन असेल तर वेळ दुप्पट, आणि नलइफमध्ये तुलना समान टाइपमध्ये होते पण उत्तराचा टाइप पहिल्या आर्ग्युमेंटचा राहतो, ही बारीक अट सहज हरवते. ‘कोअलेस’चंही तसंच. म्हणून नियम असा: ज्या रूपांतरात कुठलंही ऑपरंड दोनदा लिहावं लागतं तो नोड आयआरमध्ये ठेवा. ‘नॉट इक्वल’ला ‘नॉट’ आणि ‘इक्वल’मध्ये फोडणं ठीक, त्रिमूल्यी तर्कात (खरं, खोटं, नल) नललाही तेच उत्तर येतं. या गाळणीनंतर आयआरमध्ये वीसच्या आसपास प्रकार उरतात.

‘अँड’ आणि ‘ऑर’ मात्र द्विअंगी ठेवू नका, यादी ठेवा. रिपोर्टिंगची साधनं पाच-पाच हजार ‘ऑर’ची क्वेरी सहज तयार करतात, द्विअंगी झाडात ती पाच हजार पातळ्यांची साखळी होते. ६४ बिट लिनक्सवर जावाच्या धाग्याला मुळात १ एमबी स्टॅक मिळतो, आणि व्हिजिटरच्या प्रत्येक पातळीला दोन-तीन फ्रेम लागतात. यादी केली की खोली एक. ही सपाटी पार्सरच्या झाडातच करा, कारण स्टॅक पहिल्यांदा तिथे किंवा अ‍ॅनालायझरमध्ये फुटतो.

व्हिजिटर ठेवायचा की स्विच

जुन्या व्हिजिटरमध्ये प्रत्येक मेथड वरच्या क्लासच्या मेथडकडे ढकलते आणि शेवटची ‘व्हिजिटनोड’ नल परत करते. नवा नोड घातल्यावर कंपायलर गप्प का, याचं उत्तर इथे आहे. आयआरसाठी जावाचे सील्ड इंटरफेस (आवृत्ती १७ पासून), रेकॉर्ड (१६ पासून) आणि पॅटर्न-मॅचिंग स्विच (२१ पासून) वापरा: सील्ड इंटरफेसचा एखादा प्रकार स्विचमध्ये राहून गेला तर कंपायलर चूक दाखवतो. स्विचमध्ये ‘डिफॉल्ट’ लिहायचं नाही, हा नियम कोड-रिव्ह्यूमध्ये कडकपणे पाळा. एक ‘डिफॉल्ट’ घातला की कंपायलरची सगळी मदत गेली.

पार्सरच्या झाडात व्हिजिटर राहू द्या. तिथे स्टेटमेंटचेच कितीतरी प्रकार असतात आणि बहुतेक फेऱ्यांना त्यातल्या दोन-तीनांशीच देणंघेणं असतं, त्यामुळे ढकलत जाणारं वर्तन तिथे सोयीचं. फक्त मधला अमूर्त क्लास काढताना जपा: एखाद्या उपक्लासनं त्या मधल्या मेथडवर आपलं वर्तन लिहिलेलं असेल आणि त्यावर ‘ओव्हरराइड’ची खूण नसेल, तर मेथड अनाथ होते, कोड कंपाइल होतो आणि ती कधीच बोलावली जात नाही. आधी सगळीकडे खूण सक्तीची करा, मग क्लास काढा. आणि एकेरी वारशात बसवण्यासाठी वाकवलेली नाती इंटरफेसकडे सोपवा. ‘व्हॅल्यूज’ ही क्वेरीचा मुख्य भागही असते आणि ‘फ्रॉम’मध्येही येते; अशा दुहेरी भूमिकेसाठी अमूर्त क्लासांची शिडी उभारत बसू नका.

रीरायटरमध्ये, म्हणजे झाड पुन्हा लिहिणाऱ्या कोडमध्ये, एक अट पाळा: मुलं बदलली नाहीत तर तोच ऑब्जेक्ट परत द्यायचा. नवी नक्कल दिली तर ‘काही बदललं का?’ हा संदर्भावर आधारलेला प्रश्न कायम ‘हो’ सांगतो, आणि नियम स्थिर होईपर्यंत फिरणारा ऑप्टिमायझर वेळ संपेपर्यंत फिरत राहतो. स्पार्क आधी संदर्भ तपासतो आणि मगच रचना, तेही याच कारणानं. त्याच्याच शेजारी कामगिरीचा आणखी एक खड्डा आहे: रेकॉर्डचा हॅशकोड साठवला जात नाही, दर वेळी पूर्ण उपवृक्ष चालून काढला जातो. खोल एक्स्प्रेशनं हॅशसेटमध्ये पुन्हा पुन्हा टाकणारा नियम असेल तर प्रोफाइलरमध्ये हे लगेच दिसेल. सगळ्या नोडांना कॅश फील्ड लावण्यापेक्षा तो एक नियम सुधारा.

हातानं लिहिलेल्या नकला, तुलना, छपाई यांचा कंटाळा आला असेल तर पोस्टग्रेसकडे पाहा: आवृत्ती १६ पासून नोडांची नक्कल, तुलना, लिहिणं, वाचणं यांचा बहुतेक कोड हेडर फायली वाचून स्क्रिप्ट तयार करते. जावात रेकॉर्ड यातलं बरंच काम करतात, पण पार्सरच्या झाडात लोकेशन समानतेतून वगळायचं असल्यानं तिथे रेकॉर्ड आडवे येतात. त्या झाडाला साधे अपरिवर्तनीय क्लास बरे.

शेवटी झाड साठवलं किंवा पाठवलं जातं का हे तपासा. कोऑर्डिनेटर वर्करला प्लॅन जेसनमध्ये धाडत असेल तर आयआरचा आकार बदलल्यावर दोन आवृत्त्यांचे नोड एका क्लस्टरमध्ये चालणार नाहीत; ते प्रकाशन-टिपेत स्पष्ट लिहा. पोस्टग्रेससारखं व्ह्यूचं झाडच कॅटलॉगमध्ये साठवत असाल तर प्रत्येक फील्डच्या बदलाला स्थलांतर लागेल. व्ह्यू मजकूर म्हणून साठवत असाल तर ही चिंता नाही. कनेक्टर किंवा प्लगइन पार्सरचे क्लास थेट वापरतात का हे मात्र आजच ग्रेप करून बघा. तसं असेल तर त्यांच्यासाठी आधी छोटं, स्थिर एक्स्प्रेशन-इंटरफेस एसपीआयमध्ये (प्लगइनांसाठीच्या जाहीर इंटरफेसांत) काढा. नक्कल करण्याची ती पहिली मोठी कमिट त्यानंतर.